भिंतीला चिकटलेली ओळ

ऑफिसात त्याला सगळे ओळंबा म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि त्यालाही ते आवडे. बाप गवंडी. भिंत सरळ उठते की नाही ते बघायला दोरीला लोंबकळवायचा लोखंडी गोळा, म्हणजे ओळंबा, बापाच्या पिशवीत कायम असायचा. पोरगा प्रोग्रॅमर झाला, खुर्चीवर बसून बसून त्याचं पोट सुटलं, पण खोड बापाचीच राहिली. कोडाची डावी कड वाकडीतिकडी दिसली की ह्याचं डोकं फिरायचं. कुणाचं काम तपासायला आलं की आधी अर्थ बघायचा नाही, आधी कड बघायची. "आधी ओळंब्यात आण, मग बोलू," म्हणून परत पाठवायचा. नवीन पोरं मागे दात काढायची, पण दोन-तीन महिन्यांत त्यांच्याही ओळी मुकाट रांगेत उभ्या राहायच्या.

ह्या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांना एवढं सांगितलं तरी पुरे: कोड काही सलग मजकुरासारखा लिहीत नाहीत. एखाद्या अटीखाली येणाऱ्या ओळी थोड्या आत सरकवतात, त्यांच्या पोटातल्या आणखी आत. मग नुसता आकार बघूनही कळतं, काय कशाखाली आहे ते. हे सगळं माणसाच्या सोयीसाठी. ओळंब्याच्या ऑफिसात जी भाषा चालायची तिच्यात मशीनला ह्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ओळ आत असो, बाहेर असो, मशीन ती निमूटपणे पाळायचं.

ऑफिस लहान होतं. टायरच्या दुकानावरचा मजला, चार खोल्या, खिडकी उघडली की रबराचा वास. काम एकच चाले, पण ते लहान नव्हतं. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत अशा माणसांना दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं. त्यांना घरून उचलणाऱ्या गाड्यांची सगळी व्यवस्था ह्यांचा प्रोग्रॅम बघायचा. सकाळी कुठल्या ड्रायव्हरच्या फोनवर कुणाचा पत्ता जायचा, कुणाला आधी घ्यायचं, कुणाला चाकांची खुर्ची लागते, सगळं. त्यातला बराचसा भाग ओळंब्याच्या हातचा. एरवी बढाया मारणारा माणूस नव्हे, पण रस्त्यात त्या पांढऱ्या गाड्यांतली एखादी दिसली की बायकोला कोपराने ढोसून म्हणायचा, "माझी चालली बघ." बायको म्हणायची, बघितली, आता फुटपाथवर लक्ष द्या.

आणि हा असा कडेकडेने जग तपासणारा माणूस गेली दोन वर्षं डोळ्यांनी अधू होत चालला होता, आणि ते कुणालाही ठाऊक नव्हतं.

सुरुवात एखादं अक्षर गळण्यापासून झाली. शब्दाच्या मधलं अक्षर दिसेनासं व्हायचं. मग तिथे राखी डाग बसला, मग डाग वाढला. वय झालं, दुसरं काय, असं म्हणत त्याने चष्मा दोनदा बदलला. तिसऱ्यांदा चष्मेवाल्यानेच त्याला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, उजेड मारला आणि स्पष्ट सांगितलं: डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे, कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल, औषध नाही. हे घराण्यातून येतं, घरात कुणाला होतं का, असंही त्यांनी विचारलं. होतं. त्याचा बाप साठीच्या आत आंधळा झाला होता. डोळ्यांत चुना गेला म्हणून झालं, असं सगळं गणगोत म्हणायचं आणि बापही चुन्यालाच शिव्या देत मेला. चुन्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

बापाला शेवटची दहा-अकरा वर्षं सांभाळलं ते ह्याच्या बायकोने. मुलाचं काय, संध्याकाळी ऑफिसातून येऊन "कसं आहे, बाबा?" विचारलं की कर्तव्य संपलं. न्हाऊ घालणं, भरवणं, हात धरून संडासापर्यंत नेणं आणि दाराबाहेर उभं राहणं, हे सगळं तिच्या वाट्याला. म्हातारा आधीच तिखट, त्यात डोळे गेलेले. ताट भिरकावायचा. ती जवळ नसली की काहीतरी आपटून पडल्याचं सोंग करायचा, म्हणजे ती धावत येते. आणि स्वतःची मुलगी भेटायला आली की तिच्या कानात सांगायचा, ही मला उपाशी ठेवते. तो गेला तेव्हा सून पन्नाशीला टेकली होती. नंतर काही महिन्यांनी, सगळं सुरळीत झाल्यावर, ती एकदा हसत हसत म्हणाली, "आता जन्मात कुणाचा हात धरून संडासला नेणार नाही. तुमचासुद्धा नाही, आधीच सांगून ठेवते." तोही हसला होता.

त्यानंतर ती पोहायला शिकली. पन्नाशीतली बाई, आधी उथळ पाण्यात दांडी धरून पाय मारायची, लहान मुलं तिला वळसा घालून जायची. वर्षभरात ती तलावाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जायला लागली. सकाळी ओल्या केसांनी, क्लोरिनचा वास घेऊन घरी येताना तिच्या पावलांत जोर असायचा. तलावावरच्या मैत्रिणी झाल्या, त्यांच्या सहली, त्यांचे रुसवेफुगवे सुरू झाले. तिला हे सगळं उशिरा मिळालं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ओळंब्याच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हे सगळं आता हिच्या हातून जाणार. स्वतःच्या डोळ्यांचं दुःख त्याने नंतर, सवडीने केलं. त्या दिवशी त्याने एवढंच ठरवलं की निभेल तोवर तिला कळू द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिला कळू द्यायचं नाही म्हणजे ऑफिसलाही कळू द्यायचं नाही, कारण ऑफिसात धाकटी होती. ह्याच्याच इमारतीत दोन मजले खाली राहणारी ही मुलगी; ह्यानेच तिला काम शिकवलं आणि ह्यानेच मालकीणबाईंकडे शब्द टाकून चिकटवून दिलं. ऑफिसात सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. ती ह्याला काका म्हणायची, ह्याच्या बायकोला काकू, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी ऑफिसात कोण शिंकलं ते संध्याकाळी जिन्यात काकूंना कळलेलं असायचं.

तेव्हा ओळंबा युक्त्या शिकला. समोरच्याचा चेहरा बघायचा तर नजर त्याच्या कानापलीकडे न्यायची, मग चेहरा कडेने थोडाफार लागे. लोक म्हणत, काका हल्ली आपल्याच तंद्रीत असतात. पडद्यावरची अक्षरं त्याने मोठी करून घेतली. ते वयाच्या नावावर खपून गेलं. तरी बाजूला बघत बघत एकेक अक्षर लावायचं म्हणजे एका ओळीला मिनिट लागे आणि कपाळ ठणकायला लागे. मग हळूहळू त्याने वाचणंच सोडलं. टाइप करायला डोळे लागत नव्हतेच. बाकीचं तो आकारावरून ओळखायचा. कुठला तुकडा किती लांब, कुठली ओळ किती आत, ह्यावरून आपण कुठे आहोत ते त्याला कळे, कारण अर्ध्याहून जास्त कोड त्याचाच होता आणि वर्षानुवर्षं त्याच्या नजरेखालून गेलेला होता. मधलं दिसेनासं झालेल्या डोळ्यांना कडा अजून दिसत होत्या. आयुष्यभर जी खोड म्हणून लोक हसले, तिनेच त्याला दोन वर्षं तारलं.

त्यातही एक रीत फार कामाची होती, आणि ती त्यानेच ऑफिसला लावली होती. काम करताना चाचणीपुरत्या काही ओळी घालाव्या लागतात: हा भाग तूर्त बंद ठेव, तो निरोप खरोखरचा पाठवू नकोस. काम झालं की त्या काढायच्या असतात, आणि काढायला माणूस विसरतो. म्हणून ओळंब्याचा नियम असा, की असली ओळ आत सरकवायचीच नाही. शेजारच्या ओळी कितीही आत असोत, ही डाव्या भिंतीला चिकटून उभी करायची, म्हणजे मधोमध ती एकटीच रांगेबाहेर दिसते. शेवटी त्या कडेवरून एकदा नजर फिरवायची. भिंतीला कुणी चिकटलेलं नसलं की काम पुरं. डोळे धड होते तोवर ही नुसती सोय होती. आता त्याची सगळी भिस्त तिच्यावर होती.

ज्यात तो कोड लिहायचा त्या जुन्या एडिटरला मात्र एक वाईट सवय होती. एकीकडचा तुकडा उचलून दुसरीकडे पेस्ट केला की तो प्रत्येक ओळीला आधीच्या ओळीचं अंतर आणखी जोडून द्यायचा. ओळी एकीपेक्षा एक आत, एकीपेक्षा एक आत, असा जिना होऊन त्या उजवीकडे पडद्याबाहेर निघून जायच्या. ओळंबा पुटपुटत एकेक ओळ धरून मागे ओढत बसायचा. कधीकधी अख्खी सकाळ त्यात जायची. एकदा धाकटीने ते पाहिलं आणि तिला दयाच आली. काका, हातोडीने खडी फोडल्यासारखं काय चाललंय तुमचं, असं म्हणून तिने त्याची खुर्ची बाजूला सारली, नवीन एडिटर घातला, कुठल्याशा पानावर जाऊन दोन खुणा केल्या. आता पेस्ट केलेलं सगळं आपोआप आजूबाजूच्या ओळींप्रमाणे सरळ होऊन बसेल, म्हणाली. त्याने एक तुकडा टाकून बघितला. ओळी आपल्या पायांनी चालत आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. कड अशी की बापानेही मान डोलावली असती.

त्याने तिचे आभार मानले, आणि मनापासून मानले. जिना मोडण्याच्या त्या कटकटीत प्रत्येक ओळ आपल्या हाताखालून जाते, ती ओढताना अक्षर अक्षर लावून का होईना आपण ती वाचतो, आणि म्हणून आजवर निभावलं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. धाकटीच्या ध्यानात येण्याचं तर कारणच नव्हतं.

काही आठवड्यांनी गाड्यांच्या वेळांत एक फेरफार करायचा होता. ओळंब्याने तो वेगळ्या फाइलमध्ये लिहून कालव्यापलीकडच्या वस्तीचे पत्ते घेऊन तपासला. तपासताना खऱ्या ड्रायव्हरांचे फोन वाजू नयेत म्हणून तिथे एक ओळ घातली, की कालव्यापलीकडे निरोप पाठवू नकोस. रीतीप्रमाणे भिंतीला चिकटवून घातली. काम जमलं. त्याने सगळा तुकडा उचलून खऱ्या फाइलमध्ये पेस्ट केला. एडिटरने आपलं काम इमानेइतबारे केलं: सगळ्या ओळी जिथल्या तिथे बसवल्या, आणि भिंतीला चिकटलेली ती एक ओळही आत उचलून शेजारणींच्या रांगेत नेऊन उभी केली. ओळंब्याने कडेवरून नजर फिरवली. भिंत मोकळी होती.

दुसऱ्या कुणी वाचून मंजुरी दिल्याशिवाय कोड पुढे जात नसे, आणि ह्याच्या कामाला ती दुसरी म्हणजे धाकटी. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. तिची पद्धत अशी की वाचता वाचता पडद्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, काका, हे असं का? मग काकाला ती ओळ वाचावी लागणार. गेलं वर्षभर तो हा प्रसंग ह्या ना त्या सबबीने टाळत आला होता. आजही त्याने हात झटकला. वाचण्यासारखं काही नाही त्यात, किरकोळ आहे, दे मंजुरी, म्हणाला. ओळंब्याचं काम म्हटल्यावर ती तरी कशाला हट्ट धरते? तिने बटण दाबलं आणि दोघं चहा प्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्यापलीकडे एकही गाडी गेली नाही.

फोनवर फोन आले. धाकटीनेच शोधून ती ओळ काढली. ओळीच्या शेवटी त्याने स्वतःच टीप टाकून ठेवली होती: चाचणीपुरतं, नंतर काढणे. तिने ती मोठ्याने वाचली आणि ओळंब्याकडे बघितलं. तो तिच्या कानापलीकडे बघत होता. दुपारच्या आत गाड्या धावल्या. कुणाला उशिरा नेलं, कुणी आपले आपण पोचले होते. एक बाई राहिली.

ती एकटी राहायची. पूर्वी मुलींना शिवण शिकवायची. डायलिसिसला बसलं की थंडी वाजते, म्हणून घरचं पांघरूण पिशवीत घालून ती इमारतीच्या पायरीवर येऊन बसली होती. फोन वर घरात राहिला होता. जवळ असता तरी तिने केला नसता. मागे एकदा गाडीला उशीर झाला म्हणून तिने विचारलं होतं आणि त्या ड्रायव्हरला बोलणी खावी लागली होती, तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. पायरीवर ऊन आलं तशी ती सावलीकडे सरकली. शेवटी थकली आणि वर जाऊन पडली. उशिरा आलेल्या ड्रायव्हरने खालून हॉर्न वाजवला, दारावरची घंटाही दाबली, पण तिला झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी शेजारणीने किल्लीने दार उघडलं तेव्हा तिला श्वास घेता येत नव्हता. फुप्फुसांत पाणी झालं होतं. दवाखान्यात नेलं, ती वाचली. पण पुन्हा एकटीने राहण्याजोगी राहिली नाही. तिचं घर बंद केलं, शिवणयंत्र कुणाला तरी देऊन टाकलं आणि तिला वृद्धाश्रमात ठेवलं.

हे सगळं ऑफिसात तुकड्या-तुकड्याने कळत गेलं. ओळंब्याने दवाखान्यात फोन लावला; नात्यातले आहात का, असं तिकडून विचारलं आणि ह्याने नाही म्हटल्यावर फोन ठेवून दिला. त्याला जेवण जाईना. बायकोला म्हणाला, पित्त झालंय. तिने ताट उचललं.

कंपनीच्या मालकीणबाईंनी काचेच्या खोलीत दोघांना बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. पण दवाखान्यांना उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तरात एक माणूस लागतो. एडिटरमध्ये कुणालाही न विचारता बदल कुणी केला? धाकटीने. न वाचता मंजुरी कुणी दिली? धाकटीने. ओळंब्याच्या इतक्या वर्षांच्या कामावर एक डाग नव्हता, आणि ही कालची पोर. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी झाली. मालकीणबाईंनी तिला विचारलं, तू खरंच वाचलं नाहीस? ती म्हणाली, नाही वाचलं. का, म्हणून विचारलं तर तिने मान खाली घातली. काकांनी सांगितलं म्हणून, एवढे तीन शब्द होते. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी ती पोरगी, नोकरी जात असताना ते तीन शब्द गिळून उभी राहिली.

ओळंब्याने ते ऐकलं. ही गप्प राहते आहे आणि आपणही गप्प राहिलो तर आपली मूठ झाकलेलीच राहील, हे त्याला त्या क्षणी अगदी लख्ख कळलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर तोही गप्प राहिला.

"तिने वाचलं नाही, कारण मी वाचू दिलं नाही," मग तो म्हणाला. "आणि मीही वाचलं नाही. मला वाचता येत नाही. दीडेक वर्ष झालं असेल."

मालकीणबाईंना आधी वाटलं, हा काहीतरी वाकड्यात बोलतो आहे. मग काम कसं करत होतात, त्यांनी विचारलं. आकार बघून, तो म्हणाला, आणि डागापासून भिंतीपर्यंत सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. ऐकून झाल्यावर मालकीणबाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलून पेल्यात ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, की पडद्यावरचं वाचून दाखवणारे प्रोग्रॅम असतात, ठार आंधळी माणसंही त्यावर उत्तम काम करतात. "नुसतं सांगितलं असतंत तर आपण केलं असतं ना काहीतरी."

त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. एका बाईचं सुख मोडू नये म्हणून त्याने दोन वर्षं एवढा खटाटोप केला होता, आणि त्यापायी दुसऱ्याच एका बाईचं घर बंद झालं होतं, जिचं त्याने तोंडही पाहिलं नव्हतं. धाकटीची नोकरी राहिली. त्याला रजेवर जायला सांगितलं, पुढचं पुढे बघू म्हणाले. पुढे काय बघायचं ते त्याने खुर्चीवरून उठतानाच ठरवलं होतं. दाराचं कार्ड त्याने टेबलावर ठेवलं. जिन्यात धाकटी धावत मागे आली, म्हणाली, काका, मी काकूंपाशी चकार शब्द काढणार नाही. तिचा आवाज रडका होता. तो म्हणाला, बाळा, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं, आज मीच सांगतो.

तो भर दुपारी घरी पोचला. बायको बाल्कनीत पोहण्याचे कपडे वाळत घालत होती. लवकर कसे, असं तिने विचारलं, पण उत्तराची वाट न बघता चिमटे लावत राहिली. जरा आत येऊन बस, तो म्हणाला. ती ओले हात साडीला पुसत आली आणि टेबलाशी त्याच्या समोर बसली. त्याने पहिल्यापासून सांगायला घेतलं: डॉक्टरीणबाई, बापाचा चुना, अक्षरं, ती पायरीवरची बाई, धाकटी. बोलताना तो फ्रिजकडे बघत होता.

"इकडे बघून बोला," ती मधेच म्हणाली.

"तुझ्याकडे बघितलं की तू दिसत नाहीस. तिकडे बघितलं की थोडी दिसतेस."

त्याला वाटलं, आता म्हाताऱ्याची वर्षं तिच्या डोळ्यांसमोर येत असतील, आता ती उठून जाईल. तो घाईघाईने बोलायला लागला, की तुला पुन्हा त्यात पडायला लागू नये म्हणूनच सांगितलं नाही, तुझं पोहणं, तुझ्या मैत्रिणी, हे सगळं...

"गप्प बसा जरा," ती म्हणाली. मग स्वतःशी बोलावं तशी: "दोन वर्षं मला वाटतंय, ह्या माणसाला माझं तोंड बघवत नाही. केस कापून आले तेव्हा तुमच्यापुढे येऊन उभी राहिले. तुम्ही खिडकीकडे बघून म्हणालात, छान. जेवताना बोलते तर तुम्ही भिंतीकडे बघणार. मी तुमचा फोनसुद्धा एकदा उघडून बघितला, दुसरी कुणी आहे का म्हणून. तलावावर मी एवढा वेळ का थांबते, माहितीये? घरी आलं की तुमची फिरवलेली मान बघावी लागते म्हणून."

ज्यासाठी हे सगळं झाकून ठेवलं, ते तिचं पोहणं म्हणजे त्याच्यापासूनचा पळ होता. सगळं नसेल, पण बरंचसं होतं.

"आत्ता तुम्ही सांगितलंत ना," ती म्हणाली, "तेव्हा आधी मला बरं वाटलं. नवरा आंधळा होतोय आणि मला बरं वाटलं. अशी केलीत तुम्ही माझी दशा."

त्याने टेबलावर हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. बाहेर ओल्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं.

"करेन मी," ती शेवटी म्हणाली. "दुसरं कोण करणार आहे? पण आनंदाने करेन, असं आज माझ्याकडून वदवून घेऊ नका."

"नाही घेत."

मग तिने विचारलं, आता, ह्या घटकेला, किती दिसते मी तुम्हाला? खरं सांगा. त्याने नजर आणखी थोडी बाजूला नेली आणि नीट बघितलं.

"कुणीतरी बसलंय एवढं कळतं. केस कळतात. तोंड नाही लागत."

"मग रडायला हरकत नाही," ती म्हणाली, आणि रडायला लागली. त्याला सगळं ऐकू येत होतं. ती रडायची थांबेपर्यंत तो मान तशीच फिरवून फ्रिजकडे बघत बसला, कारण तिला बघायचा त्याच्यापाशी तेवढाच एक मार्ग होता.